पाठदुखी आणि स्पोर्ट्स मसाज: कुठे दाबायचं, किती दाबायचं आणि कुठे हात लावायचा नाही

खेळाडूची पाठ धरली की गावोगावी तीन निदानं ठरलेली असतात: उसण भरली, मणक्यात गॅप आली, नाहीतर नस नसेवर चढली. मग कोणी पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतो, कोणी लहान पोराला पाठीवर चालवतो, कोणी तालमीतल्या दांडग्या गड्याकडून अंग रगडून घेतो. त्या दिवशी बरं वाटतं आणि दोन दिवसांनी पाठ जिथल्या तिथे. स्पोर्ट्स मसाजचा फरक जोरात नाही, क्रमात आहे. आधी विचारायचं, मग हालचाल मोजायची, मग हात लावायचा आणि उठल्यावर तीच हालचाल पुन्हा मोजायची. मालीशने जेवढी मोकळीक मिळाली तेवढी त्याच दिवशी व्यायामाने कामाला लावायची. हा शेवटचा भाग राहिला तर बाकीची मेहनत जवळपास वाया जाते.

मसाजने काय होतं आणि काय होत नाही

मालीशने मणका जागेवर बसत नाही, दोन मणक्यांमधली चकती आत जात नाही आणि 'चिकटलेले' स्नायू फाटून सुटत नाहीत. पाठीवरचं जाड आवरण हाताच्या दाबाने ताणलं जाऊन कायमचं लांब होईल इतकी ताकद माणसाच्या कोपरात नसते. खेळताना स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक ॲसिड मालीशने 'निचरून जातं' हेही खोटंच. खेळ थांबल्यावर ते तासाभरात शरीर आपणहून वापरून टाकतं. पाठ दुसऱ्या दिवशी दुखते ती त्याच्यामुळे नव्हे.

होतं ते मज्जासंस्थेच्या पातळीवर. सावकाश, सहन होईल इतक्या दाबाने मेंदूकडे जाणारे दुखण्याचे संदेश सौम्य होतात, जखडून धरलेला स्नायू पकड सोडतो, आणि वाकायची भीती कमी झाल्यामुळे माणूस जास्त वाकू शकतो. हा परिणाम काही तास, फार तर एक-दोन दिवस टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात व्यायाम आणि समजावून सांगणं यांच्या जोडीला मसाजलाही जागा आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) मात्र नेहमीच्या उपचारात नको, असं त्यात म्हटलंय. आपल्याकडे पट्टा आधी येतो आणि व्यायाम कधीच येत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

एमआरआयच्या कागदाबद्दल एक गोष्ट. कंबरदुखीच्या दहातल्या साधारण नऊ जणांत दुखण्याचं एकच नेमकं कारण दाखवता येत नाही. उलट, ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय पाहणाऱ्या अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि ३० टक्क्यांच्या फुगलेल्या. ऐंशीच्या वयात हेच आकडे ९६ आणि ८४ टक्के होते. त्यामुळे रिपोर्टात 'बल्ज', म्हणजे फुगलेली चकती, लिहिलंय म्हणून घाबरायचं कारण नाही. आणि रिपोर्ट स्वच्छ आहे म्हणून 'नाटक करतोय' असंही म्हणायचं नाही.

आधी हात बाजूला

काही पाठींना मालीश करायचीच नाही. जांघेत, गुदद्वाराभोवती किंवा गुप्तांगाजवळ बधिरपणा आलाय, लघवी सुरू करता येत नाही किंवा कळत नाही, संडासवरचा ताबा सुटलाय, दोन्ही पायांत जोर राहिला नाही: यातलं काहीही नव्याने दिसलं तर त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठायचं. मणक्यातल्या खालच्या नसांचा गुच्छ दबल्याची ही लक्षणं असतात आणि इथे उशिराची किंमत कायमची असते.

तितकी घाई नाही, पण मालीशही नाही, अशी दुसरी यादी आहे. पाठदुखीबरोबर ताप. विनाकारण उतरलेलं वजन. पूर्वी झालेला कॅन्सर. उंचावरून किंवा गाडीवरून पडल्यावर सुरू झालेलं दुखणं. हाडं ठिसूळ असणं किंवा बरेच दिवस स्टेरॉइड चालू असणं. रात्री झोपेतून उठवणारं आणि कूस बदलूनही न बदलणारं दुखणं. बरगडीखालून जांघेकडे लाटेसारखी जाणारी, एका जागी बसू न देणारी कळ बहुतेक वेळा मुतखड्याची असते; तिथे कमरेवर तेल चोळण्यात अर्थ नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर खोल दाब नको. एक पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर त्या पायाला हातच लावू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते.

चाळिशीच्या आतल्या खेळाडूची कंबर सकाळी अर्धा-पाऊण तास जखडलेली राहते, हिंडल्या-फिरल्यावर सुटते आणि आरामाने उलट वाढते, तर तो सांध्यांच्या दाहाचा आजार असू शकतो. असे लोक वर्षानुवर्षं मालीश घेत राहतात आणि निदान लांबत जातं. त्यांना संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवा.

वेगवान गोलंदाजांचा मामला वेगळा लिहायला हवा. तेरा ते बावीस-तेवीस वयाचा गोलंदाज 'कमरेत एका बाजूला टोचतं, मागे वाकलं की जास्त' म्हणाला, तर स्नायू आखडलाय असं गृहीत धरू नका. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक तडा जाणं ही या वयातली नेहमीची दुखापत आहे, आणि ती बहुतेक वेळा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला होते. उजव्या हाताचा गोलंदाज असेल तर डावीकडे. एका पायावर उभं करून मागे वाकायला सांगा. तीच टोचणी आली तर गोलंदाजी बंद आणि एमआरआय. साधा एक्स-रे सुरुवातीचा तडा दाखवत नाही. बरं व्हायला महिने लागतात, आणि मालीशने दुखणं दबलं की पोरगं पुन्हा चेंडू टाकायला जातं, हाच खरा धोका. जसप्रीत बुमरासारख्या खेळाडूला पाठीमुळे २०२२चा टी-ट्वेन्टी विश्वचषक घरी बसून पाहावा लागला, तर मैदानातल्या पोरांनी हे अंगावर काढू नये.

पाठीचा नकाशा

दोन्ही हात कमरेवर ठेवा. तळव्याखाली लागणारी हाडाची कड म्हणजे कमरपट्टीचं हाड. दोन्ही बाजूंच्या कडा जोडणारी रेघ साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. त्याखाली, नितंबांच्या वर दोन खळगे दिसतात. तिथे त्रिकास्थी, म्हणजे मणक्याच्या तळाचं तिकोनी हाड, आणि खुब्याचं हाड यांचा सांधा असतो. खवाट्याचं खालचं टोक सातव्या पाठमणक्याच्या आसपास येतं. सर्वांत खालची बरगडी बोटांनी शोधून ठेवा. अकरावी आणि बारावी बरगडी पुढच्या बाजूला कशालाच जोडलेली नसते, म्हणून तिच्या टोकावर दाब पडला की माणूस ओरडतो, आणि म्हाताऱ्या माणसाची तर ती मोडूही शकते.

मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोरखंडासारखे उभे स्नायू हाताला लागतात. वाकून राहणं, वजन उचलणं आणि उतारावर शरीर सावरणं ही त्यांची कामं. कबड्डीतला चढाईपटू अर्धा सामना वाकलेल्या पवित्र्यात काढतो, म्हणून त्याचे हे आधी थकतात. त्यांच्या बाहेरच्या कडेला, पण एक थर खोल, शेवटची बरगडी आणि कमरपट्टीचं हाड यांच्यामधला चौकोनी स्नायू असतो. सगळे फिजिओ त्याला 'क्यूएल' म्हणतात, आपणही तेच म्हणू. एका बाजूला वाकण्याचं आणि कंबर वर खेचून धरण्याचं काम त्याचं. कमरेच्या खालचं दुखणं बरेचदा नितंबाच्या बाहेरच्या भागातून येतं: मधला नितंबस्नायू आणि त्रिकास्थीपासून खुब्याच्या गोळ्यापर्यंत आडवा जाणारा पिरिफॉर्मिस. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात धावणारे किंवा दर रविवारी सिंहगड चढणारे जेव्हा 'कंबर दुखते' म्हणून बोट ठेवतात, तेव्हा बोट कुठे पडतंय ते नीट बघा. पुष्कळदा ते कमरेवर नसतंच.

मोजमाप: सात-आठ मिनिटं

ही मिनिटं वाचवायला जाऊ नका. आधी विचारा: कधीपासून, काय करताना, बसून वाढतं की उभं राहून, पायात उतरतं का, उतरत असेल तर गुडघ्याच्या खाली जातं का. मग उभं करा.

गुडघे सरळ ठेवून पुढे वाकायला सांगा. मधल्या बोटाचं टोक आणि जमीन यांतलं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. मग मागे वाकणं, मग दोन्ही बाजूंना वाकणं. बाजूला वाकताना बोट मांडीवर कुठे पोचतं तिथे पेनाने खूण करा. मग टाचांवर दहा पावलं, चवड्यांवर दहा पावलं. एका बाजूची टाच उचलता येत नाही किंवा पाऊल आपटतं असं दिसलं तर मामला नसेचा आहे; आधी डॉक्टर.

आता पाठीवर झोपवून एकेक पाय सरळ ठेवून वर उचला. साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये गुडघ्याखाली विजेसारखी कळ गेली, तर नस चिडलेली आहे. फक्त मांडीमागे ताण आला तर तो मांडीमागचा स्नायू. शेवटी पालथं झोपवून गुडघे काटकोनात वाकवा आणि दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला सोडून द्या. एक पाऊल कमी पडलं तर त्या बाजूचा खुबा आखडलाय.

याचा अर्थ लावताना फार हुशारी नको. डावीकडे वाकताना उजवी कंबर ओढली गेली तर उजवा क्यूएल बघायचा. मागे वाकताना दुखलं आणि मांडीचा पुढचा भागही ताठ असेल तर जांघेपासून सुरुवात करायची. एका पायावर उभं राहिल्यावर दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडली तर ज्या पायावर उभा आहे त्या बाजूचा नितंब कमजोर. तिथे मालीश थोडी आणि व्यायाम जास्त.

तयारी

टेबल असेल तर उंची अशी हवी की बाजूला उभं राहून हात सोडल्यावर मुठीची हाडं टेबलाला टेकतील. जमिनीवर करणार असाल तर सतरंजी आणि त्यावर पातळ गादी. कापसाच्या जाड गादीत दाब बुडून जातो. गुडघ्याखाली स्वतःसाठी उशी घ्या, नाहीतर चाळीस मिनिटांत तुमचीच कंबर धरेल.

पालथं झोपवताना पोटाखाली एक चपटी उशी आणि घोट्यांखाली गुंडाळलेला टॉवेल. पोटाखालच्या उशीने कमरेचा बाक कमी होतो. मागे वाकून दुखणाऱ्यांना हिच्याशिवाय पालथं पडवतच नाही. पालथं झोपताच येत नसेल तर कुशीवर घ्या, गुडघ्यांच्या मध्ये उशी द्या आणि तसंच काम करा. चड्डी खळग्यांपर्यंत खाली घ्यायला आधी विचारा, बाकी अंग झाकून ठेवा. खेळाडू अठराच्या आतला असेल तर पालक किंवा प्रशिक्षक खोलीत हवेतच. याला अपवाद नाही.

तेल कमी. कमरेच्या भागाला सुरुवातीला एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, पुरतं. लागलंच तर आणखी अर्धा. तालमीत वाटीभर तेल जिरवायची पद्धत आहे ती सगळं अंग रगडण्यासाठी. नेमक्या जागेवर दाब द्यायचा तर बोट घसरता कामा नये. तिळाचं तेल चांगलं. खोबरेल थंडीत गोठतं एवढंच. मेंथॉलचा बाम आधी लावू नका. त्वचा चुणचुणायला लागली की दाब किती होतोय हे घेणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि वर गरम पिशवी ठेवली तर भाजतं. नखं कापा, अंगठ्या काढा.

दाबाला शून्य ते दहा अशी मोजणी ठेवा. पाच-सहावर काम, सातच्या वर कधीच नाही. तोंडाने 'चालतंय' म्हणणारे पुष्कळ असतात, म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवा. श्वास रोखला, बोटं आवळली, नितंब घट्ट केले की दाब जास्त झाला. स्नायू तुमच्याशी भांडायला लागला की तो सुटणार नाही.

प्रत्यक्ष मालीश: साधारण चाळीस मिनिटं

पहिली तीन मिनिटं तेल नाही. कपड्यावरूनच दोन्ही तळवे कमरेवर ठेवून शरीर हलकं डुलवा. जखडलेली बाजू इथेच कळते, ती कमी हलते. मग तेल लावून त्रिकास्थीपासून खांद्यांपर्यंत पसरट तळव्यांनी वर जायचं आणि बाजूंनी हलकेच खाली यायचं. आठ-दहा वेळा, घाई न करता.

त्यानंतर उभे स्नायू. दुखऱ्या बाजूच्या समोर उभे राहा, म्हणजे उजवी बाजू करायची तर डावीकडे, आणि मनगटाजवळच्या तळव्याने स्नायू मणक्यापासून बाहेर ढकला. कमरेपासून वर खवाट्यापर्यंत, मग परत. दोन-तीन फेऱ्यांनी ऊब आली की हाताचा कोपराखालचा मांसल भाग कमरपट्टीच्या हाडावर ठेवून वर सरकवा. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, एवढा सावकाश. दाब हाताच्या ताकदीने देऊ नका; पुढचा पाय वाकवून शरीराचं वजन झुकवा. मणक्याच्या मधल्या हाडांवर काहीही जाता कामा नये. एका बाजूला पाच मिनिटं बास.

कडक गाठ लागली तर तिच्यावर बोट ठेवून थांबा. चोळू नका. तीस ते साठ सेकंदांत दुखणं सातावरून चारावर येतं. नव्वद सेकंदांत उतरलं नाही तर ती जागा सोडा, दोष बहुतेक दुसरीकडे आहे. गाठीचा पाठलाग करत पाठभर फिरणं ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक, आणि दुसऱ्या दिवशी पाठ ठेचल्यासारखी होते ती त्यामुळेच.

आता क्यूएल, इथे सावकाश. उजवा करायचा असेल तर डाव्या कुशीवर घ्या. कमरेखाली गुंडाळलेला टॉवेल, खालचा गुडघा वाकवलेला, वरचा पाय सरळ आणि थोडा मागे. वरचा हात डोक्यावरून पुढे. असं केलं की बरगडी आणि कमरपट्टी यांमधली फट उघडते. बुटक्या माणसात ती जेमतेम दोन बोटं असते, उंच माणसात चार. मागे बसा किंवा उभे राहा. उभ्या स्नायूची बाहेरची कड शोधा आणि तिच्या लगेच बाहेर, बरगडीच्या टोकापासून दूर, अंगठा ठेवा. त्यावर दुसरा अंगठा. दाबाची दिशा महत्त्वाची: सरळ पोटाकडे नाही, तिरकी, मणक्याच्या बाजूकडे. सरळ आत दाबलं तर पुढे मूत्रपिंड आहे. तो श्वास सोडेल तसं थोडं आत जायचं, घेताना थांबायचं; तीन-चार श्वासांत पोचायचं. खोल, बोथट, नितंबाकडे पसरणारी कळ आली आणि तो 'हं, हीच' म्हणाला की जागा बरोबर आहे. मळमळ, पोटात कसंतरी किंवा झिणझिण्या आल्या तर बोट लगेच काढा.

तिथे तीस-चाळीस सेकंद थांबून त्याला सांगा: 'वरची कंबर बरगडीकडे ओढा, पाव ताकदीने.' पाच सेकंद. मग 'सोडा, आणि टाच लांब ढकला.' तुमचा दाब तोच. हे तीनदा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळेला अंगठ्याखालचा भाग मऊ पडल्याचं स्पष्ट जाणवतं. या जागेवर थापट्या मारणं, मुठी आपटणं बंद. अंगठा उलटा वाकत असेल तर वाकवलेल्या बोटाचं पेर वापरा. उलट्या अंगठ्याने रोज काम करणाऱ्यांचे सांधे लवकर जातात.

पुन्हा पालथं घेऊन नितंब. कमरपट्टीच्या कडेखाली तीन बोटं, बाहेरच्या अंगाला मुठीने हळू दाब द्या. गुडघा काटकोनात वाकवा, दाब ठेवूनच त्याचा पाय सावकाश आत-बाहेर फिरवा, सहा-आठ वेळा. मग जागा थोडी बदला. पिरिफॉर्मिससाठी खळगा आणि माकडहाड यांच्या मध्यापासून खुब्याच्या बाहेरच्या गोळ्याकडे रेघ मनात ओढा आणि त्या रेघेवर काम करा. पण बसायचं हाड आणि खुब्याचा गोळा यांच्या मधोमध कोपर रोवू नका. तिथून पायाची मोठी नस जाते. पायात मुंग्या आल्या तर 'नस मोकळी होतेय' असं म्हणून पुढे रेटू नका.

मांडीमागचे स्नायू आणि वर खवाट्याखालचा भाग, दोन-दोन मिनिटं. तेवढंच.

शेवटी पुढची बाजू, जी पाठदुखीत बहुतेक जण विसरतात. कमरेच्या मणक्यापासून पोटातून जांघेत उतरणारा स्नायू आखडला की उभं राहिल्यावर कंबर पुढे ओढली जाते. पोटात बोटं खुपसून तो दाबण्याचं काम शिकलेल्या माणसालाच करू द्या, मोठी रक्तवाहिनी शेजारीच असते. घरी किंवा क्लबात ताण द्या: टेबलाच्या काठावर नितंब, एक गुडघा छातीशी धरलेला, दुसरा पाय खाली लोंबकळता. लोंबकळत्या मांडीवर हात ठेवा. तो पाव ताकदीने सहा सेकंद वर ढकलेल, मग सोडेल, मग तुम्ही अर्धा मिनिट हलकेच खाली घ्या. तीनदा. कंबर टेबलावरून उचलली जात असेल तर ताण चुकीच्या जागी जातोय.

कुशीवर वळवून उठवा, मिनिटभर बसू द्या. पुन्हा टेप. बोट आणि जमीन यांतलं अंतर तीन-चार सेंटिमीटर कमी झालं, किंवा अंतर तेच पण दुखणं कमी, तर काम बरोबर दिशेने आहे. काहीच फरक नाही तर तुम्ही भलतीच जागा केलीत, किंवा दुखणं स्नायूचं नाही. वाढलं तर दाब जास्त होता, किंवा नस चिडलेली होती आणि ती तपासणीत सुटली.

ताजी उसण असेल तर हे सगळं करायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस स्नायू राखण करतोय, तो मोडून काढू नये. कुशीवर घेऊन दहा मिनिटं हलका हात आणि वीस मिनिटं गरम पिशवी, मध्ये टॉवेल ठेवून. मधुमेहाने बधिरपणा आलेल्यांना गरम पिशवी स्वतःच्या अंदाजाने देऊ नका. कंबर एका बाजूला वाकडी झाली असेल तर ढकलून सरळ करायला जाऊ नका. मात्र झोपूनही राहायचं नाही. दर तासाला पाच मिनिटं चालायला लावा.

लगेच पुढचा अर्धा तास

दहा मिनिटं चालणं. मग मार्जारासन, दहा वेळा, दुखत नाही तेवढ्याच हालचालीत. सेतुबंधासन, आठ-आठचे दोन सेट, वर पाच सेकंद. हात-गुडघ्यांवर येऊन एक हात पुढे आणि विरुद्ध पाय मागे लांब करणं, आठ सेकंद, दोन्ही बाजूंना पाच-पाच. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडू नये इतकी कंबर स्थिर. क्यूएलचं दुखणं असणाऱ्याला कुशीवरचं प्लँक (कोपर टेकून अंग सरळ रेषेत उचलून धरणं), सुरुवातीला गुडघ्यांवर, दहा सेकंद, चारदा. पुढे वाकून दुखणाऱ्यांपैकी काहींना भुजंगासनाने आराम पडतो. पायात उतरलेलं दुखणं त्याने वर कमरेकडे सरकत असेल तर चालू ठेवा. खाली सरकत असेल तर त्याच क्षणी बंद. गोलंदाजाला भुजंगासन नकोच.

कुस्तीगीर आणि कबड्डीपटूंना वाकायची रीत पुन्हा शिकवावी लागते. पाठीला लाठी लावा: डोकं, खवाट्यांचा मध्य आणि त्रिकास्थी, तिन्ही टेकलेले. लाठी न सुटता नितंब मागे नेत वाका. दहा वेळा. हे जमलं की आधी ५-१० किलोचं वजन, आणि मग हळूहळू वाढ.

दुसऱ्या दिवशी व्यायामानंतर दुखतं तसं अंग दुखेल. ते एक-दोन दिवसांत जातं. काळेनिळे डाग पडता कामा नयेत. दोन लिटर पाणी पिऊन 'विषारी द्रव्यं' बाहेर काढायची गरज नाही, तहान लागेल तेवढं प्या. क्वचित, फार रगडलेल्या अंगात स्नायूंची खरी मोडतोड होते. अंग प्रचंड दुखतंय आणि लघवी काळ्या चहासारखी आली तर सरळ हॉस्पिटल.

स्वतःच्या स्वतः

भिंत आणि टेनिसचा चेंडू. सीझन बॉल नको, फार कडक. नितंबाच्या बाहेरच्या भागात चेंडू धरून भिंतीला टेका, दुखरी जागा सापडली की अर्धा मिनिट थांबा. मणक्याच्या बाजूंसाठी मोज्यात दोन चेंडू घालून मध्ये गाठ मारा, म्हणजे मणका दोघांच्या मध्ये राहतो. फोम रोलर पाठीच्या वरच्या भागात, खवाट्यांखाली. कमरेवर आडवा घालून लोळलं की कंबर उलटी वाकते आणि मागे वाकून दुखणाऱ्यांचं वाढतं. मसाज गन सर्वांत कमी वेगावर, एका स्नायूला दीड-दोन मिनिटं. मणका, बरगड्या आणि मूत्रपिंडांचा भाग सोडून.

किती वेळा

आठवड्याला एक, जास्तीत जास्त दोन, असं तीन-चार आठवडे. सामन्याच्या आधीच्या दोन दिवसांत खोल काम नको, स्नायू ढिला आणि दुखरा राहतो. सामन्यापूर्वी करायचंच तर दहा मिनिटं जलद, हलका, कोरडा हात. सामन्यानंतर तास-दोन तासांनी पंधरा मिनिटं हलकं. दुखापत झालेली जागा सोडून.

चौथ्या सिटिंगनंतरही टेपवरचा आकडा आणि दुखण्याचा आकडा जागचे हलले नसतील तर पाचवी घेऊ नका. वहीतलं ते पान, कुठली हालचाल किती सेंटिमीटर, कुठे दाबल्यावर काय झालं, पायात काही उतरलं का, हे सगळं घेऊन अस्थिरोगतज्ज्ञ किंवा स्पोर्ट्स फिजिओकडे जा. नुसतं 'कंबर दुखते' म्हणणाऱ्यापेक्षा अशी वही आणणाऱ्याची तपासणी नेमकी होते.